भारत खरंच ‘आशियात अव्वल’ होता का? सामन्यांची नोंद काय सांगते

धाग्यातल्या मूळ प्रश्नात तीन गोष्टी आहेत: १९५०-६०च्या दशकात भारतीय फुटबॉल संघ आशियात सर्वोत्तम होता हे खरं का, १९५०चा वर्ल्ड कप अनवाणी खेळण्याच्या हट्टापायी हुकला का, आणि वेगवेगळ्या ठिकाणी भारताचे सामने-गोल वेगवेगळे का दिसतात. वर प्रतिसादांत ‘सुवर्णकाळ’ आणि ‘नुसत्या गप्पा’ अशी दोन टोकं झाली आहेत. नोंदी उघडून बसलं तर दोन्ही टिकत नाहीत.

आधी ऑलिंपिक घेऊ, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. भारत १९४८, १९५२, १९५६ आणि १९६० अशी सलग चार ऑलिंपिक खेळला. प्रत्यक्ष मैदानावरचे सामने आठ. त्यात विजय एक, बरोबरी एक, पराभव सहा; गोल केले १०, खाल्ले २७. यातले १० गोल एकट्या युगोस्लाव्हियाने १९५२ साली हेलसिंकीत चढवले (१-१०, आपला गोल अहमद खानचा). म्हणजे १९५६बद्दल नेहमी सांगितलं जाणारं ‘ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक’ हे वाक्य एका विजयावर उभं आहे.

तो विजय मात्र खणखणीत होता. १९५६, मेलबर्न. पहिल्या फेरीत हंगेरी आली नाही म्हणून पुढे चाल मिळाली, आणि उपांत्यपूर्व फेरीत यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं. नेव्हिल डिसूझाने त्यात हॅटट्रिक केली; ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच, मध्यंतरानंतर लगेच. मग पाच-सहा मिनिटांत दोन गोल बसले, पुढे आणखी एक, शेवटी स्वयंगोल, आणि निकाल १-४. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून ०-३. स्पर्धेत खेळलेले संघ अकराच होते, हे चौथ्या क्रमांकाबद्दल बोलताना सांगायलाच हवं.

माझ्या मते १९६०चा रोमचा संघ मेलबर्नच्या संघापेक्षा सरस होता, जरी तो गटात तळाला राहिला. हंगेरीकडून १-२, फ्रान्सशी १-१, पेरूकडून १-३. यातल्या हंगेरीने त्या स्पर्धेत कांस्यपदक घेतलं आणि त्यांच्याकडे फ्लोरियान आल्बर्ट होता. फ्रान्सविरुद्ध पी. के. बॅनर्जींनी आघाडी मिळवून दिली होती, बरोबरीचा गोल शेवटच्या दहा मिनिटांत बसला. बाकीचे दोन्ही गोल तुलसीदास बलरामचे. तीन सामने, प्रत्येकात गोल, एकातही धुव्वा नाही. भारतीय संघाने जागतिक पातळीवर यापेक्षा चांगली सलग कामगिरी केलेली नाही. पण क्रमांकाच्या तक्त्यात ती दिसतच नाही, म्हणून कोणी तिची आठवण काढत नाही.

आता १९५०. पात्रता गटातल्या ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स या तिघांनीही माघार घेतल्यामुळे भारत एकही सामना न खेळता पात्र ठरला. सोडतीत इटली, स्वीडन, पॅराग्वे यांच्या गटात नाव आलं. सोडत निघाली मे महिन्याच्या उत्तरार्धात आणि स्पर्धा सुरू झाली २४ जूनला. ब्राझीलपर्यंतच्या बोटीच्या प्रवासाला लागणारा वेळ धरा, म्हणजे हातात काय उरतं ते कळेल. भारतीय फुटबॉल महासंघाने त्या वेळी कारणं दिली ती संघनिवडीवरचे मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ. खर्चाचा मुद्दाही चर्चेत होता, पण यजमानांनी खर्चाचा मोठा वाटा उचलायची तयारी दाखवली होती. खरं कारण प्राधान्याचं होतं: आपल्या संघटकांना ऑलिंपिक म्हणजे सर्वस्व वाटत होतं, वर्ल्ड कपचं मोल कोणाला कळलं नव्हतं. कर्णधार शैलेन मन्ना यांनीही पुढे मुलाखतींत याच अर्थाचं सांगितलं.

अनवाणीची गोष्ट कुठून आली तेही पाहा. १९४८ला लंडनमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी किंवा पायाला पट्ट्या बांधून खेळले. फ्रान्सशी १-२ असा निसटता पराभव झाला, तोही दोन पेनल्टी वाया घालवून. फ्रान्सचा निर्णायक गोल ८९व्या मिनिटाला. हे छायाचित्र लोकांच्या डोक्यात बसलं आणि नंतर १९५०ला चिकटलं. बूट भारतीय महासंघाने सक्तीचे केले ते हेलसिंकीच्या त्या १-१० नंतर, म्हणजे वर्ल्ड कप हुकल्यावर दोन वर्षांनी. नुसता घटनाक्रम मांडला तरी ही दंतकथा गळून पडते.

‘आशियात अव्वल’ हा दावा तपासायची जागा म्हणजे आशियाई क्रीडास्पर्धा. १९५१, दिल्ली: इंडोनेशिया ३-०, अफगाणिस्तान ३-०, अंतिम सामन्यात इराण १-०, गोल साहू मेवालालचा. सुवर्णपदक खरं, पण संघ सहाच आणि मैदान घरचं. १९५४ला मनिलात गटातच बाहेर. १९५८ला टोकियोत चौथे.

१९६२, जकार्ता, हे वेगळं प्रकरण आहे आणि त्यावर थोडं थांबायला हवं. सलामीलाच दक्षिण कोरियाकडून ०-२. मग थायलंड ४-१, जपान २-०. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेल सिंगच्या डोक्याला मार लागून टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला बाहेर न बसवता उपांत्य सामन्यापासून थेट मधल्या आघाडीवर खेळवलं. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध ३-२, आणि अंतिम फेरीत पुन्हा तोच कोरिया. इस्राएल आणि तैवानला यजमानांनी येऊ दिलं नाही, त्याविरुद्ध भारताचे क्रीडासंघटक गुरुदत्त सोंधी बोलले होते, त्यामुळे मैदानावरचा जवळपास लाखभर प्रेक्षक भारताच्या विरोधात होता. १७व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी, २०व्या मिनिटाला जर्नेल सिंग. कोरियाने ८५व्या मिनिटाला एक फेडला. २-१. पहिल्या सामन्यात ज्या संघाने सहज हरवलं, त्याच संघाला दहा दिवसांत परक्या मैदानावर हरवणं, तेही बचावपटूला आघाडीवर उभं करून, हे निव्वळ प्रशिक्षकाचं काम आहे. रहीम तेव्हा कर्करोगाने आजारी होते. जून १९६३मध्ये ते गेले.

या सुवर्णपदकालाही एक तळटीप आहे: इस्राएल त्या काळी आशियात बलाढ्य होतं आणि ते तिथे नव्हतं. दोन वर्षांनी ते समोर आलं. १९६४च्या आशियाई चषकात भारताने कोरियाला २-० आणि हाँगकाँगला ३-१ हरवलं, पण इस्राएलकडून ०-२ अशी हार झाली आणि उपविजेतेपदावर समाधान मानावं लागलं. हा चषक चारच संघांचा होता आणि आपण पात्रता सामना न खेळता तिथे पोचलो होतो. तेव्हा माझं उत्तर असं: १९५६ ते १९६४ या काळात भारत आशियातल्या पहिल्या तीन-चार संघांत निश्चित होता, आणि १९६२च्या त्या दोन आठवड्यांत पहिला. ‘दोन दशकं राज्य केलं’ हे मात्र खरं नाही.

आशियाई चषकाचा एकूण हिशोब कोणी देत नाही म्हणून देतो. पाच वेळा सहभाग: १९६४, १९८४, २०११, २०१९ आणि २०२३चा चषक (जो कतारमध्ये जानेवारी २०२४ला झाला). १६ सामने, ३ विजय, १ बरोबरी, १२ पराभव; गोल १२ विरुद्ध ३३. तिन्ही विजय कोणावर? कोरिया, हाँगकाँग, आणि ५५ वर्षांनी २०१९ला थायलंड (४-१). एकमेव बरोबरी १९८४ला इराणशी ०-०, आणि त्या स्पर्धेत आपण एकही गोल केला नाही. २०२४लाही तेच: ऑस्ट्रेलिया ०-२, उझबेकिस्तान ०-३, सीरिया ०-१. २०१९ला अबू धाबीत थायलंडला हरवल्यावर शेवटच्या सामन्यात बहारीनशी नुसती बरोबरी पुरली असती. भरपाई वेळेत पेनल्टी दिली गेली आणि संघ बाहेर पडला.

घसरण का झाली, यावर ‘क्रिकेटने खाल्लं’ हे ठरलेलं उत्तर येतं. मला ते आळशी वाटतं. १९६२ला ज्या जपानला आपण २-० हरवलं, त्यांनी जर्मन प्रशिक्षक डेटमार क्रामर यांच्या सल्ल्याने १९६५ला राष्ट्रीय लीग उभी केली आणि १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतलं. कोरियाने व्यावसायिक लीग १९८३ला सुरू केली. आपली राष्ट्रीय लीग आली १९९६ला. मधल्या काळात इथले देशांतर्गत सामने बराच काळ ९० ऐवजी ७० मिनिटांचे होते. शेवटची वीस मिनिटं खेळायची सवयच नसलेला संघ आंतरराष्ट्रीय सामन्यात शेवटच्या वीस मिनिटांत कोलमडणार, यात नवल नाही. त्यात भर म्हणजे भारत वर्ल्ड कप पात्रतेचा पहिला सामना खेळला तोच १९८५ला. म्हणजे इतर आशियाई देश जे सामने खेळून घडत होते, ते आपण खेळलोच नाही. १९७०ला बँकॉकच्या आशियाई क्रीडास्पर्धेत जपानला १-० हरवून मिळवलेलं कांस्यपदक हे त्या पिढीचं शेवटचं मोठं यश.

सॅफ या दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेची नऊ विजेतेपदं (१९९३ ते २०२३) या उतरंडीत कुठे बसवायची? दक्षिण आशियात आपण मोठे आहोत एवढंच त्यातून कळतं. आणि इथे नोंद वाचायचा एक नियम लक्षात ठेवा: पेनल्टी शूटआउटवर जिंकलेला सामना अधिकृत नोंदीत बरोबरी धरला जातो. २०२३ची सॅफ घ्या. पाकिस्तान ४-०, नेपाळ २-०, कुवेत १-१. मग उपांत्य फेरीत लेबनॉनशी ०-० आणि अंतिम सामन्यात कुवेतशी १-१, दोन्ही शूटआउटवर. विजेतेपद आपलं, पण नोंदीत विजय दोन आणि बरोबऱ्या तीन. कोणी ‘पाच पैकी चार जिंकले’ लिहिलं असेल तर ते इथेच चुकलेलं असतं.

आकडे न जुळण्याचं दुसरं कारण वयोगट. ऑलिंपिक फुटबॉल १९९२पासून आणि आशियाई क्रीडास्पर्धा २००२पासून २३ वर्षांखालील संघांच्या आहेत (वयाने मोठे तीन खेळाडू चालतात). त्यामुळे १९५१-१९९८च्या आशियाई स्पर्धांतले सामने मुख्य संघाच्या खात्यात, नंतरचे नाहीत. उदाहरण ताजं आहे: हांगचौ इथल्या आशियाई स्पर्धेत मधल्या आघाडीवर खेळणाऱ्या सुनील छेत्रीने २०२३ला बांगलादेश आणि म्यानमारविरुद्ध पेनल्टीवर गोल केले, पण ते त्याच्या ९५ आंतरराष्ट्रीय गोलांत नाहीत. तिसरं कारण पुढे चाल: १९५६ची हंगेरीविरुद्धची पुढे चाल काही तक्त्यांत विजय म्हणून मोजली जाते. ती सामना नाही.

शेवटी क्रमवारी, कारण ‘२०२३ला ९९वे होतो, काही महिन्यांत ११७वे कसे’ हा उपप्रश्न दोघांनी विचारला आहे. ऑगस्ट २०१८पासून फिफाचं सूत्र असं: सामन्याचं वजन गुणिले (प्रत्यक्ष निकाल वजा अपेक्षित निकाल). विजय १, बरोबरी ०.५, पराभव ०. वजन मैत्रीपूर्ण सामन्याला ५ किंवा १० (आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी फिफाने राखून ठेवलेल्या तारखांत असला तर १०), पात्रता सामन्याला २५, आशियाई चषकाच्या गटसाखळीला ३५. अपेक्षित निकाल दोन संघांच्या गुणांतल्या फरकावरून काढतात. २०० गुणांनी वर असलेल्या संघाची अपेक्षा ०.६८ येते. तो पात्रता सामना जिंकला तर जेमतेम ८ गुण मिळतात, बरोबरीत साडेचार जातात, हरला तर १७ जातात. घरच्या मैदानाचा या सूत्रात विचारच नाही. त्यामुळे २०२३ला भुवनेश्वर-बंगळुरूला घरी खेळून गुण जमा होत गेले. पुढे चषकात ३५च्या वजनाचे तीन पराभव आले. आपल्यापेक्षा ३५० गुणांनी वर असलेल्या संघाकडून हरलं तरी सुमारे ७ गुण जातात, आणि गुणांनी जवळच्या संघाकडून हरलं की त्याच्या दुप्पट. मार्च २०२४ला गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ हरलो तो फटका म्हणूनच क्रमवारीत बऱ्याच वर असलेल्या कतारविरुद्धच्या कुठल्याही पराभवापेक्षा मोठा होता.

२०२४ या अख्ख्या वर्षात मुख्य संघाने एकही सामना जिंकला नाही. निवृत्त झालेल्या छेत्रीला मार्च २०२५मध्ये परत बोलवावं लागलं. पात्रता सामन्यांत हाँगकाँगकडून ०-१, सिंगापूरशी १-१ आणि मडगावला त्यांच्याकडूनच १-२, यानंतर २०२७च्या आशियाई चषकाचा रस्ता बंद झाला. क्लबांमध्ये मधल्या आघाडीची जागा वर्षानुवर्षं परदेशी खेळाडूंकडे आहे. भारतीय मुलं मैदानाच्या कडेला (विंगवर) किंवा बदली म्हणून खेळतात. छेत्रीच्या जागी कोण, याचं उत्तर राष्ट्रीय शिबिरात मिळणार नाही, कारण त्या जागेवर आठवड्यामागून आठवडे ९० मिनिटं खेळणारा भारतीय खेळाडू शिबिरात यायलाच हवा आणि तो लीगमध्ये तयार होत नाही.