ग्रीन प्रोपेलंटसाठी बीएस्सी केमिस्ट्री सोडून एरोस्पेस? एका आईच्या पत्राला उत्तर

ताई, नमस्कार. तुमचं पत्र वाचलं. मुलगी एस.वाय. बीएस्सी केमिस्ट्रीला आहे, मार्कही चांगले पडतायत, आणि आता तिनं सॅटेलाइटच्या बिनविषारी इंधनाचं, म्हणजे ग्रीन प्रोपेलंटचं, काहीतरी वाचलंय आणि म्हणतेय की हेच करायचं, त्यासाठी बीएस्सी सोडून प्रायव्हेट कॉलेजला एरोस्पेस इंजिनिअरिंग घेते. मिस्टर म्हणतात गप बीएड कर. आणि तुम्हाला वेगळाच घोर, की असलं विषारी काम पोरीच्या जातीला झेपेल का.

आधी मुद्द्याचं सांगते, बीएस्सी सोडू देऊ नका. तिला जे करायचंय ते मुळात केमिस्ट्रीवाल्यांचंच काम आहे, आणि एरोस्पेसला लाखांनी फी भरून ती त्यापासून उलट लांब जाईल.

कसं ते बघा. सॅटेलाइट वर गेलं की त्याला इकडेतिकडे सरकवायला, नीट दिशेला धरून ठेवायला थ्रस्टर म्हणजे छोटी इंजिनं असतात, आणि त्यात गेली साठेक वर्षं हायड्रॅझिन नावाचं इंधन वापरतात. ते कॅटॅलिस्टवर सोडलं (कॅटॅलिस्ट म्हणजे रासायनिक क्रिया वेगानं घडवणारा पण स्वतः न संपणारा पदार्थ, इथे अ‍ॅल्युमिनावर चढवलेला इरिडियम धातू) की आपोआप फुटून गरम गॅस होतो, ठिणगी लागत नाही काही नाही, एकदम भरवशाचं, म्हणूनच अजून सुटत नाही. पण विषारी, कॅन्सरचा धोका, भरताना माणसं डोक्यापासून पायापर्यंत हवाबंद सूट घालतात आणि बाकीच्यांना तिथून बाहेर काढतात, त्यात वेळ आणि पैसा किती जातो विचारू नका. युरोपनं तर 2011 मध्येच त्याला अतिधोकादायक रसायनांच्या यादीत टाकलं.

मग पर्याय आले. स्वीडनवाल्यांनी एडीएन नावाच्या क्षारापासून एलएमपी-103एस हे इंधन बनवलं आणि 2010 ला प्रिझ्मा मिशनवर उडवून दाखवलं. नासानं 2019 मध्ये एचएएन नावाच्या दुसऱ्या क्षाराचं इंधन जीपीआयएम नावाच्या सॅटेलाइटवर टेस्ट केलं. आपल्याकडे बंगळुरूच्या बेलाट्रिक्स या स्टार्टअपनं जानेवारी 2024 ला इस्रोच्या पोएम-3 वर (रॉकेटचा शेवटचा टप्पा, जो कक्षेत ठेवून प्रयोगांसाठी वापरतात) स्वतःचा ग्रीन थ्रस्टर चालवला, आणि आयआयटी बॉम्बेतून निघालेल्या पोरांची मनस्तु स्पेस ही कंपनी मुंबईत हायड्रोजन पेरॉक्साइडवर काम करते. हो, तेच पेरॉक्साइड, जखमेवर फेसाळतं ते, फक्त कितीतरी पटीनं तीव्र.

आता गाडी अडते कुठे ते ऐका, कारण लेकीचं करिअर तिथेच आहे. एडीएन-एचएएनची ही नवी इंधनं हायड्रॅझिनपेक्षा खूप जास्त गरम जळतात, एलएमपी-103एस तर 1600 अंशांच्या आसपास, त्यामुळे कॅटॅलिस्टचा भुगा होतो, चेंबरला महागडे धातू लागतात, आणि सुरू करायच्या आधी कॅटॅलिस्ट तापवून घ्यावा लागतो ज्यात छोट्या सॅटेलाइटची वीज खर्च होते. पेरॉक्साइडचं रडगाणं वेगळं, टाकीत जराशी घाण राहिली की ते पडल्या पडल्याच विघटन पावायला लागतं. थोडंसंच तापवून सुरू होईल आणि तेवढ्या उष्णतेतही टिकेल असा कॅटॅलिस्ट, वर्षानुवर्षं न बिघडता राहील असं मिश्रण, त्याला चालेल असा टाकीचा धातू, हे सगळं कोण सोडवणार? ज्याला केमिस्ट्री येते तो. नळ्यांचं कामही सोपं नाही म्हणा, असंच ग्रीन इंधन वापरणारं नासाचं लूनर फ्लॅशलाइट हे छोटं सॅटेलाइट 2023 मध्ये थ्रस्टर चोंदल्यामुळेच चंद्राच्या ठरलेल्या कक्षेत पोचू शकलं नाही.

तुमच्या काळजीचं. ग्रीन म्हणजे प्यायलं तरी चालेल असं नव्हे, वाफेतून होणारी विषबाधा कमी एवढाच अर्थ. स्फोटाचा धोका राहतोच. रशियाची कुर्स्क पाणबुडी 2000 साली बुडाली ती पेरॉक्साइडवर चालणाऱ्या टॉर्पेडोमुळे. पण चांगल्या लॅबमध्ये सुरुवात थोड्याशा ग्रॅमवर होते, जाड काचेआडून, नियम पाळून. त्यात पोरगी-पोरगा काही नसतं हो, शिस्त लागते, आणि जी मुलगी प्रॅक्टिकलला गॉगल काढत नाही ती इथे टिकते.

रस्ता असा. बीएस्सी पूर्ण, मग आयआयटी-जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, जमलं तर आयआयटी बॉम्बे, नाहीतर मुंबईची आयसीटी ही रसायन-तंत्रज्ञानाची संस्था किंवा चांगलं विद्यापीठ, आणि तिथे प्रोजेक्ट कॅटॅलिसिसचाच, म्हणजे कॅटॅलिस्टच्या अभ्यासाचाच, घ्यायचा, नेट-गेट दिलं की पीएचडी. पुण्यात पाषाणला एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, कॅटॅलिसिससाठी नावाजलेली, आणि जवळच सुतारवाडीला डीआरडीओची एचईएमआरएल ही लॅब, जिथे प्रोपेलंटचंच काम चालतं आणि नेट-गेटवाल्यांना फेलोशिपवर घेतात. इंजिनिअरिंगच हवं असेल तर बीएस्सीनंतर डायरेक्ट सेकंड इयरला केमिकल घेता येतं, बारावीला मॅथ्स असेल तर. आयआयएसटी या इस्रोशी जोडलेल्या अंतराळ संस्थेचं बीटेक मात्र आता विसरा, ते जेईई अ‍ॅडव्हान्स्डवर आहे आणि ती वेळ गेली.

एक कटू गोष्ट पण सांगून ठेवते. या विषयात नोकऱ्या मोजक्याच आहेत, इस्रोच्या मोठ्या भरतीत मेकॅनिकल-इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचाच भरणा असतो, स्टार्टअप आज आहे उद्या नाही. म्हणूनच मी एरोस्पेसपेक्षा कॅटॅलिसिस म्हणते, रॉकेट नाही मिळालं तर रिफायनरी, फार्मा, बॅटरी, कुठेही ते शिक्षण चालतं. मिस्टरांना हे वाक्य जरूर वाचून दाखवा, आणि बीएड काही पळून जात नाही, पुढेही करता येतं.

प्रायव्हेट कॉलेजची फी एवढ्यात भरू नका. जॅमचे फॉर्म साधारण सप्टेंबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत, म्हणजे टी.वाय.ला गेल्या गेल्या भरायचा, आणि तोवर फिजिकल केमिस्ट्री पक्की करायला सांगा, पोरं तिथेच गळतात. बारावीला मॅथ्स होतं का तेवढं कळवा, त्यावर डायरेक्ट सेकंड इयरचं ठरवता येईल.