सुटलेली नावं

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘मुलांशी इतकी प्रेमानं वागते, तरी वर्ग हाताशी लागत नाही’ हे तुझं वाक्य दिवसभर मनात घोळत राहिलं. पहिल्या वर्षी बहुतेकींचं असंच होतं. मुलांना आपण आवडावं म्हणून धडपडतो, हसतखेळत शिकवतो, चुका पोटात घालतो, आणि महिन्याभरात मुलं आपल्याला गृहीत धरू लागतात. मग एक दिवस आवाज चढतो. त्या रात्री झोप लागत नाही.

तू एक कर. कोरा कागद घे आणि हजेरीपट न उघडता वर्गातल्या सगळ्या मुलांची नावं लिहून काढ. पहिली दहा-बारा भराभर येतील. त्यातली निम्मी हुशार मुलांची असतील, निम्मी तुला भंडावून सोडणाऱ्यांची. मग पेन अडखळेल. जी नावं अगदी शेवटी आठवतात किंवा आठवतच नाहीत, ती मुलंही रोज तुझ्यासमोर बसतात, फळ्यावरचं उतरवून घेतात, कुणाच्या अध्यात नसतात की मध्यात नसतात. त्यांचा त्रास नाही म्हणून आपली नजर त्यांच्यावर ठरत नाही. नात्याचं काम या मुलांपासून सुरू कर. प्रत्येक नावापुढे त्याच्याबद्दलची एक गोष्ट लिही; मात्र ती मार्कांची किंवा वागणुकीची नको. लिहायला काही सुचलं नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याच्याशी दोन मिनिटं बोलायचं. अभ्यास सोडून कशावरही. असं लागोपाठ आठ-दहा दिवस. याहून जास्त वेळ तुझ्याकडे नसणार, आणि तेवढा लागतही नाही.

प्रश्न विचारल्यावर थांबायला शीक. मेरी बड रो या संशोधिकेनं १९७०च्या दशकात वर्गांमधली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तोच अवधी तीन सेकंदांवर नेला, की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. ते तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात. मला आजही वाटतात. पण तेवढ्या शांततेत त्या मुलाला कळतं, की बाईंना माझं उत्तर खरोखर हवंय.

आता तुझ्या प्रेमाबद्दल. माया आणि अपेक्षा या दोन गोष्टी मुलाला एकाच हातातून मिळायला हव्यात. डेव्हिड येगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेतल्या सातवीच्या मुलांचे निबंध शिक्षकांनी नेहमीसारखे तपासले. मग काही वह्यांना चिठ्ठी जोडली, तिचा आशय असा : ‘माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पुऱ्या करशील हे मला ठाऊक आहे, म्हणून हे शेरे दिले आहेत.’ बाकीच्यांच्या चिठ्ठीत फक्त शेरे दिले आहेत एवढंच होतं. साधी चिठ्ठी मिळालेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी १७ टक्के मुलांनी निबंध सुधारून परत दिला. अपेक्षांची चिठ्ठी मिळालेल्यांपैकी ७२ टक्क्यांनी. शाळेवर ज्यांचा भरवसा कमी होता, त्यांच्यात हा फरक जास्त होता. लाल शाईतला शेरा बघून मुलाच्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘मी यांना आवडत नाही का?’ त्याचं उत्तर आपण दिलं नाही, तर ते स्वतःच देतं, आणि बहुधा चुकीचं देतं. तेव्हा चुका पोटात घालू नकोस. दाखव, आणि का दाखवतेस तेही सांग.

तरीही तू चुकशील. मी चुकले ती गोष्ट सांगते. एकदा गृहपाठ तपासताना एका मुलाची वही उघडली, तर त्या दिवसाचं पान कोरं. आदल्या रात्रीचा थकवा होता. सगळ्यांसमोर नको ते बोलले. तो काही बोलला नाही. वही मिटली, कोपरे जुळवले आणि जागेवर जाऊन बसला. संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा बघताना त्याची वही उलटी पडली होती. गृहपाठ मागच्या पानांवर होता, पूर्ण, बारीक अक्षरात. पुढची पानं त्यानं दुसऱ्या विषयासाठी ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी हजेरी घ्यायच्या आधी, ज्यांच्यासमोर त्याला बोलले होते त्यांच्याचसमोर मी त्याची माफी मागितली. त्यानं मान खालीच ठेवली. मला वाटलं, संपलं. पण त्या आठवड्यापासून गठ्ठ्यात त्याची वही सगळ्यात वर असायची, मागचं पान उघडून ठेवलेली. माझ्याकडे बघणं त्यानं पुढेही टाळलं. पण वही मात्र वर ठेवली, वर्षभर.

कुणी म्हणेल, माफी मागून वचक जातो. मला तसा अनुभव नाही. ताणलेलं नातं तसंच सोडलं तर ते आपोआप निवळतं, यावर माझा विश्वास नाही. ब्रिजेट हॅम्रे आणि रॉबर्ट पियांटा यांनी १७९ मुलांचा बालवर्गापासून आठवीपर्यंत मागोवा घेतला आणि २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. बालवर्गात शिक्षकांशी ज्यांचे खटके उडत, त्यांच्या अभ्यासात आणि वागण्यात त्याचे पडसाद आठवीपर्यंत दिसत होते. आई-वडील आणि घर हीही कारणं असतातच. पण वर्गातला पुढाकार आपला असतो, मोठे आपण आहोत.

पालकांना पहिला निरोप चांगल्या गोष्टीचा दे, तक्रारीचा नंतर. आणि शिक्षकखोलीत एखाद्या मुलाविषयी ‘तो ना, तसलाच’ असं कुणी म्हणालं, तर वाद घालू नकोस, फक्त त्याची एखादी चांगली गोष्ट सांग. त्याच्या नावापुढे लिहिलेली असेलच.

कागद घेऊन बसलीस, की किती नावं सुटली ते कळव. माझी गेल्या वर्षी सात सुटली होती.

तुझी,
बाई