रिट्झी, रिच आणि कार्लटनमधला कुणबी

'रिट्झी हा शब्द रिचचाच अपभ्रंश ना?' असं एका वाचकाने विचारलंय. नाही. रिट्झ हे हॉटेलवाल्या सेझार रिट्झचं आडनाव. त्याला इंग्रजीतला 'ई' लागला, संपलं. आणि 'रिट्झ' तरी कशाला? शेवटचा उच्चार 'चमचा'तल्या पहिल्या 'च'चा आहे. दंत्य च घरात असताना लोक झ घोटत बसतात. 2009 मध्ये मारुतीने त्या नावाची गाडी आणल्यावर तर बोलायलाच नको.

रिट्झी म्हणजे 'भपकेबाज' एवढंच सांगून मोकळं होणाऱ्यांचाही राग येतो. खुद्द रिट्झला स्वच्छतेचं वेड होतं, धूळ धरणारे जड पडदे त्याला चालत नसत. 1898 मध्ये पॅरिसचं हॉटेल उघडण्याआधी त्याने बायकोला तासन्‌तास दिव्याखाली बसवलं, कोणत्या रंगाच्या झाकणातून चेहरा खुलतो ते बघायला. शेवटी जर्दाळू रंगाचं रेशीम ठरलं. याला भपका म्हणायचं?

पण खरी गंमत त्याच्या लंडनच्या हॉटेलात आहे, 1899 च्या कार्लटनमध्ये. 'रिट्झ-कार्लटन' या हॉटेलांच्या साखळीतला कार्लटन तो हाच. (आज ही साखळी अमेरिकेच्या मॅरियटची, पॅरिसचं रिट्झ वेगळ्या मालकाचं.) कार्लटन म्हणजे 'कार्लांचं गाव', आणि कार्ल म्हणजे साधा शेतकरी, आपल्याकडचा कुणबी म्हणा. त्याचाच इंग्रजी भाऊ 'चर्ल' पुढे 'गावंढळ' या अर्थाला जाऊन पोचला. उलट कार्ल हे विशेषनाम सम्राट शार्लमेनला मिळालं आणि त्याच्या नावावरून पोलिश, चेक, रशियन भाषांनी 'राजा'साठी शब्द घडवले: क्रुल, क्राल, कोरोल! एकाच शब्दाचं एक टोक शेतात, दुसरं सिंहासनावर.

जाणकार यावर नाक मुरडतात. त्यांचं म्हणणं, हे नाव त्या भागातल्या कार्लटन हाउस या जुन्या वाड्याचं, वाडा लॉर्ड कार्लटनचा, इथे शेतकरी कुठून आणता? अहो, पण लॉर्डसाहेबांना ती पदवी आली कुठून? यॉर्कशरमधल्या गावावरूनच ना! उमराव दिसला की यांची व्युत्पत्ती थांबते.

आणि रिट्झ स्वतः कोण? 1850 मध्ये स्वित्झर्लंडच्या नीडरवाल्ड खेड्यात जन्मलेलं, शेतकऱ्याचं तेरावं पोर. पुढे त्याला 'राजांचा हॉटेलवाला आणि हॉटेलवाल्यांचा राजा' म्हणू लागले. म्हणजे कार्लच, दोन्ही अर्थांनी. कोशात मात्र कार्लटनपुढे 'विशेषनाम' एवढंच लिहून ठेवलेलं असतं.