वडील फोनवर कुणावरही विश्वास ठेवतात, त्यांना कसं समजवावं?

तुमचे वडील 74 वर्षांचे, कर्नाटकात बेळगावजवळ खानापूरला एकटे, तुम्ही पुण्यात; दहादा बजावूनही ते अनोळखी फोनवर सगळं सांगून बसतात, असं तुम्ही लिहिलंय.

बजावण्याची पद्धतच बदला. उतारवयात ऐकलेलं ओळखीचं वाटत राहतं, पण ते खरं म्हणून ऐकलं की खोटं म्हणून, हे आधी निसटतं. ‘केवायसीसाठी बँकेचा फोन येतो तो खोटा’ यातलं महिनाभराने ‘केवायसीसाठी बँकेचा फोन येतो’ एवढंच उरू शकतं. म्हणून एकच कृती शिकवा. पैसे, पोलीस, बँक यांपैकी काहीही निघालं की ‘मुलाला विचारून सांगतो’ म्हणायचं, फोन ठेवायचा, तुम्हाला लावायचा. हे वाक्य मोठ्या अक्षरांत फोनजवळ चिकटवा आणि चार-पाच वेळा सराव करून घ्या.

आपल्या भागात घरटी कुणीतरी मुंबई-पुण्याला असतं, त्यामुळे ‘मुंबई पोलीस बोलतोय, तुमच्या आधारवर सिम निघालंय’ ही धमकी इथे चटकन खरी वाटते. मग ‘डिजिटल अरेस्ट’ झालीय, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच अटक झालीय, असं सांगतात; असलं कायद्यात काही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून नोटीस बजावू नका, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये पोलिसांना दिलाय. ठग व्हिडिओ कॉल तासन्‌तास चालू ठेवतात आणि घरात कुणाला सांगू देत नाहीत, कारण आपल्या माणसाचा आवाज कानावर पडला की भीती उतरते.

मोठी रक्कम जाते ती मुदत ठेव मोडून. पुढच्या खेपेला गावी आलात की शाखेत जाऊन ठेव दोघांच्या नावावर आणि दोघांच्या सहीनेच मोडेल अशी करून घ्या. त्या खात्याचं मोबाईल बँकिंग बंद ठेवा. यूपीआय वेगळ्या खात्याला जोडा, त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत अनोळखी कॉल सायलेंट करता येतात, तेही करा.

पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम काही मिनिटांत पुढच्या खात्यात सरकते, म्हणून वेळ, रक्कम आणि यूटीआर नंबर (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) हाताशी हवा. तक्रार सांगायला कन्नड बोलणारा शेजारी जवळ असला तर बरं. मग बेळगावच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थ गुन्हे) पोलीस ठाण्यात तक्रार. वडिलांना ‘असं कसं केलंत?’ विचारू नका, ‘किती वाजता पाठवले?’ विचारा. रागावलात तर पुढच्या वेळी ते लपवतील, आणि तेवढ्यात पैसे हाताबाहेर जातात.

वीजबिल दोनदा भरणं, सुट्ट्या पैशांचा हिशेब चुकणं हे हल्लीच सुरू झालं असेल, तर डॉक्टरांकडून स्मरणशक्तीची तपासणीही करून घ्या.