तिसरीतील मुलीला चित्रकलेचा क्लास लावावा का?

शाळेत दर आठवड्याला फळ्यावरचे चित्र वहीत उतरवून घेतात, रंग रेषेबाहेर गेला की लाल शेरा मिळतो आणि आता मुलगी ‘मला चित्र येत नाही’ म्हणू लागली आहे, असे आपण लिहिले आहे. प्राथमिक वर्गांना अनेक वर्षे चित्रकला शिकवलेली असल्यामुळे स्पष्टच लिहितो. फळ्यावरचे चित्र उतरवून घेणारा शिक्षक केवळ तास भरून काढत असतो.

मी ज्या गावात नोकरीला होतो, तिथे बहुतेक मुलांच्या घरी जनावरे होती. तिसरीच्या वर्गाला ‘आमच्या घरचे जनावर’ हा विषय दिला, तेव्हा एका मुलाने गाभण म्हैस काढली. तिचे चारही पाय एका ओळीत होते, शिंगे मात्र समोरून पाहावीत तशी होती आणि पोटात अख्खे रेडकू दिसत होते. त्या रेडकाचे पुढचे पाय व त्यांवर टेकलेले तोंड शेपटीच्या दिशेला होते, कारण म्हैस विताना आधी काय बाहेर येते ते त्या मुलाने गोठ्यात उभे राहून पाहिले होते. मी ते चित्र वर्गाच्या भिंतीवर लावले. पुढे तपासणीसाठी आलेल्या साहेबांनी ‘म्हशीच्या पोटातले बाहेरून दिसते का?’ असे सर्वांसमक्ष विचारले, वर्ग हसला आणि मुख्याध्यापकांनी ते चित्र त्याच दुपारी उतरवले. त्या जागी दोन डोंगर, मधला सूर्य, नदी व झोपडी असे एकाच साच्यातले कागद लागले.

सात ते नऊ वर्षांचे मूल डोळ्यांना दिसते त्यापेक्षा स्वतःला ठाऊक असते ते काढते, त्यामुळे घराच्या भिंतीतून आतली माणसे आणि पोटातून पिल्लू दिसते, हे कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 सालीच सविस्तर मांडले आहे. मी हे सांगितले, तेव्हा मुख्याध्यापकांचे उत्तर होते, ‘पालकांना नीटनेटकी चित्रे हवी असतात.’ शिक्षणात कलेला मध्यवर्ती स्थान असावे असे मानणारे देवीप्रसाद 1944 मध्ये शांतिनिकेतनहून सेवाग्रामला येऊन तेथील मुलांना कला शिकवू लागले होते. म्हणजे हा विचार आपल्याकडे नवा होता अशी सबबही मुख्याध्यापकांना नव्हती.

आता क्लासविषयी. ‘आतापासूनच एलिमेंटरीची तयारी’ अशी पाटी लावणाऱ्या क्लासकडे फिरकूसुद्धा नका. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे त्या शासकीय चित्रकला परीक्षेचे विषय मोठ्या वर्गांतील मुलांसाठी आहेत. तिसरीतल्या मुलीला तांब्याचे छायाप्रकाशासह चित्र काढायला शिकवणे हा निव्वळ अत्याचार आहे. घरी मोठे कागद आणि जाड तैलखडू द्या, पट्टी व खोडरबर काही दिवस काढून ठेवा आणि चित्र पाहताना ‘हे काय काढलेस?’ असे विचारण्याऐवजी ती आपणहून काय सांगते ते ऐका.

अर्थात समोर नमुना न ठेवता मुलांना काढू देणारा एखादा क्लास जवळपास असेल आणि तिला सोबत हवी असेल, तर जरूर पाठवा. पुढे दहाअकराव्या वर्षी ‘हुबेहूब का जमत नाही’ असे मुलेच विचारू लागतात, तेव्हा निरीक्षण शिकवावेच लागते. वर्गशिक्षिकेवरही फार रागावू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने कलेसाठी अंशकालीन निदेशक (अर्धवेळ शिक्षक) ठरवला तो सहावी ते आठवीच्या वर्गांना, तोही पटसंख्या शंभरावर असेल तर. खालच्या वर्गांत गणित शिकवणाऱ्या बाईच चित्रकला घेतात आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला जातो.

मात्र पुढच्या पालकसभेत उभे राहून, आम्हाला नीटनेटकी चित्रे नकोत, भिंतीवर मुलांनी स्वतः काढलेली चित्रे लावा, असे मुख्याध्यापकांना सांगाच. पालकांचे नाव पुढे करून मला गप्प केले गेले आणि तेव्हा एकही पालक शाळेत येऊन तसे म्हणाला नव्हता.