खुबा बदलल्यावर सायकल आणि डोंगर कधी सुरू करता येतात?

प्रश्न असा आहे: "हिप रिप्लेसमेंट होऊन तीन महिने झाले. वय ५४. आधी सायकल आणि डोंगर दोन्ही नियमित होतं. पुन्हा कधी सुरू करू? घरचे म्हणतात, नवीन सांधा आहे, आता जपून राहा."

तुमचं शेवटचं वाक्य नसतं तर मी लिहायला बसले नसते. सायकल आणि डोंगराबद्दल तुमचा सर्जन सांगेलच. घरच्यांबद्दल तो काही सांगणार नाही.

आमच्याकडे 'जपून राहा'चा ठेका माझ्या थोरल्या भावाकडे होता. एव्हीएनमुळे, म्हणजे रक्तपुरवठा तुटून हाड मरतं त्या आजारामुळे, माझ्या मांडीच्या हाडाचा गोळा खचला आणि खुबा बदलावा लागला. मी वॉकरवर होते तेव्हा दादाने माझी सायकल विकली. मला न विचारता. फिजिओने स्थिर सायकलवर बसवायला सुरुवात केली त्या दिवशी मी घरी येऊन मोठ्या उत्साहाने म्हटलं, माझी सायकल काढ, हवा भरून ठेवू. तो म्हणाला, "ती केव्हाच दिली. तुला आता काय करायचीय?" पैसे माझ्या खात्यात भरले होते, पै न् पै. त्यामुळे आपलं काही चुकलं असं त्याला आजही वाटत नाही. वर घरातले सगळे त्याच्या बाजूने. काळजीपोटीच केलं ना, मग तू कशाला चिडतेस?

त्याचं म्हणणं एकच: टायर जितका कमी फिरवाल तितका जास्त टिकेल. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याला द्यायचं उत्तर मला तोंडपाठ आहे, तेच इथे देते.

सांध्याची झीज वर्षांवर नाही, वापरावर ठरते, एवढं त्याचं बरोबर. पण झिजतं काय, ते बघा. खुबा बदलण्याची आजची शस्त्रक्रिया रुळवणारा इंग्रज सर्जन जॉन चार्नली, त्याने सुरुवातीला खुब्याच्या खोबणीत टेफ्लॉनचे कप बसवले, ते काही वर्षांतच झिजले. १९६२ पासून त्याने पॉलिएथिलीन हे प्लास्टिक वापरायला सुरुवात केली आणि ही शस्त्रक्रिया खऱ्या अर्थाने मार्गी लागली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी क्रॉसलिंक केलेलं, म्हणजे रेणू एकमेकांना घट्ट बांधलेलं पॉलिएथिलीन आलं, ते जुन्यापेक्षा कितीतरी कमी झिजतं. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणात १५ वर्षांनी सुमारे ८९ टक्के आणि २५ वर्षांनी सुमारे ५८ टक्के नवे खुबे पुन्हा न बदलता जागेवर होते. आता २५ वर्षांचा हिशेब द्यायचा तर ते सांधे तेवढे जुने असणारच, म्हणजे बरेचसे जुन्या प्लास्टिकचे. दादा हाच ५८चा आकडा मला घाबरवायला पाठवतो आणि मी त्याच आकड्यावर खूश असते.

शिवाय टायरच्या भोवती स्नायू नसतात. ऑपरेशनच्या आधी वर्षानुवर्षं आपण दुखरा पाय वाचवत चाललेलो असतो. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू, ग्लुटिअस मिडिअस, तेवढ्या काळात पार ढिला पडतो. सांधा नवा बसला तरी स्नायू जुनाच. फिजिओने मला आरशासमोर ऑपरेशनच्या पायावर उभं केलं तेव्हा दुसऱ्या बाजूची कंबर झपकन खाली गेली. दुखणं गेलं तरी लंगडणं का जात नव्हतं, ते तिथे कळलं. दादा सोबत आला होता. तो खुर्चीतून उठून ओरडला, "अहो, पडेल ती!" बाई शांतपणे म्हणाल्या, "पडू नये म्हणूनच करून घेतेय." तो व्यायाम मी घरी करायला लागले की हा दारात उभा. शेवटी मी दार लावून घ्यायला लागले. नव्या खुब्याची खरी भीती झिजेची नाही, पडण्याची आहे. नव्या सांध्याचा दांडा मांडीच्या हाडात बसवलेला असतो; त्या दांड्याभोवतीचं हाड मोडलं तर ते दुरुस्त करणं पहिल्या ऑपरेशनपेक्षा अवघड असतं. आणि बसून बसून अशक्त झालेला माणूस जास्त पडतो, की दोन्ही पायांवर नीट उभा राहणारा?

असो. सायकल. बाहेर सायकल चालवायला बहुतेकांना तीन महिन्यांच्या आसपास परवानगी मिळते, म्हणजे तुमची वेळ आलेलीच आहे. पेडल मारणं सोपं, चढणं-उतरणं धोक्याचं. मागून पाय फेकून टांग मारायची सवय असेल तर ती सोडा. मी नवीन घेतली ती बिनदांड्याची, पाय पुढून आत घालता येतो अशी. (दादा म्हणाला, "ही म्हाताऱ्यांची सायकल." म्हणजे विकणाराही हाच आणि नावं ठेवणाराही हाच.) सीट नेहमीपेक्षा थोडी वर ठेवा, म्हणजे पेडल वर येताना गुडघा पोटाकडे फार येत नाही. हँडल उंच हवं. वाकलेल्या हँडलची रेसिंग सायकल सध्या राहू द्या.

डोंगराचं थोडक्यात सांगते. चढ सोसतो, उतार नाही. उतरताना प्रत्येक पावलाला धक्का बसतो आणि थकलेला स्नायू तिथेच दगा देतो. दोन काठ्या घ्या, पाठीवर ओझं नको. लंगडणं पूर्ण गेल्याशिवाय उतारावर जाऊच नका, मग कितीही महिने झालेले असोत. किती महिन्यांनी, हा प्रश्नच मला पटत नाही. एका पायावर उभं राहिल्यावर कंबर सरळ राहते का, ते बघा. कॅलेंडरला तुमचा स्नायू दिसत नाही.

कुणीतरी टेनिसपटू अँडी मरेचं नाव घेईलच. त्याचं ऑपरेशन जानेवारी २०१९ मध्ये झालं आणि ऑक्टोबरमध्ये त्याने अँटवर्पची स्पर्धा जिंकली, खरं आहे. पण ते रिसर्फेसिंग होतं, म्हणजे गोळा न कापता त्यावर धातूचं टोपण बसवतात. तुमचं-माझं ते नव्हे. धावणं आणि उड्या मी सोडल्या आहेत. ते दादासाठी नव्हे, सर्जनने सांगितलं म्हणून.

आता हे आधी लिहायला हवं होतं, पण रागाच्या भरात राहिलं. पोटरी सुजली आणि दुखायला लागली, जखमेतून पाणी यायला लागलं, ताप आला किंवा जांघेत नव्याने कळ सुरू झाली, तर माझं उत्तर विसरा आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. हाड ठिसूळ असेल किंवा हा दुसऱ्यांदा बदललेला सांधा असेल, तर वरचं काहीही तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही.

आणि ऑपरेशन पुढून झालं की मागून, ते तुम्ही लिहिलं नाहीत. मागून झालं असेल तर ९० अंशांच्या पुढे वाकू नका, पाय ओलांडू नका, पाऊल आत वळवू नका ही बंधनं अनेक सर्जन सहा ते बारा आठवडे पाळायला लावतात. तुमची उठली का, ते विचारून घ्या. तुमच्या सायकलला बूट अडकणारे पेडल असतील तर आधी काढून टाका. बूट सोडवताना टाच बाहेर फिरवावी लागते, म्हणजे खुबा नेमका त्या नको असलेल्या दिशेला, आत वळतो. साधे सपाट पेडल बसवा.