बंद धमनीभोवतीची पर्यायी वाट

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. अँजिओग्राफीत त्यांच्या हृदयाची उजवी धमनी पूर्ण बंद असल्याचे दिसले, तरीही हृदयविकाराचा झटका येऊन गेल्याची खूण आढळली नाही. “यांच्या हृदयाने स्वतःच बायपास तयार केला आहे,” असे डॉक्टर म्हणाले. या कामात रोगप्रतिकारक पेशींचा वाटा असतो, असे वाचनात आले. ते खरे आहे का? असल्यास वडिलांना प्रतिकारशक्ती वाढवणारी औषधे द्यावीत का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. औषधांविषयी मात्र माझे उत्तर ‘देऊ नयेत’ असे आहे, आणि त्याचे कारण ही वाट कशी तयार होते यातच आहे.

हृदयाच्या धमन्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या अतिशय बारीक वाहिन्या निरोगी हृदयातही असतात. मोठी धमनी सावकाश अरुंद होत गेली, की अडथळ्यापुढचा दाब घटतो आणि शेजारच्या धमनीतले रक्त या बारीक वाहिन्यांतून तिकडे वेगाने धावू लागते. त्या प्रवाहाचे घर्षण वाहिनीच्या आतल्या अस्तराला जाणवते. अस्तरातील पेशी मग एमसीपी-१ नावाचे प्रथिन स्रवतात; त्या हाकेने रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशी तेथे थांबतात, भिंतीत शिरतात आणि मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, बनतात. एरवी जंतू व मृत पेशी गिळणाऱ्या याच पेशी येथे भिंतीची जुनी चौकट विरघळवणारी विकरे आणि स्नायुपेशींना विभाजनास प्रवृत्त करणारे वाढघटक सोडतात. वाहिनी आधी सैल होते, मग रुंदावते आणि तिच्यावर स्नायूंचा नवा थर चढतो. आधीच्याच पायवाटेचा असा रस्ता होतो. व्यास दुप्पट झाला, तर तेवढ्याच दाबाखाली प्रवाह सोळापट होऊ शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे या रुंदावण्याचे मोल कळते.

जर्मनीतील बाड नाउहाइम येथील संशोधक वोल्फगांग शापर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयात वाढत असलेल्या अशा वाहिन्यांच्या अस्तराला मोनोसाइट चिकटलेल्या व आत शिरत असलेल्या पाहिल्या आणि १९७६ मध्ये ते निरीक्षण प्रसिद्ध केले. या पेशी तेथे केवळ योगायोगाने आल्या असतील, अशी शंका तेव्हा घेता आली असती. परंतु १९९७ मध्ये सशांच्या मागच्या पायाची धमनी बांधून एमसीपी-१ दिल्यावर पर्यायी वाहिन्यांची वाढ स्पष्टपणे वाढली. सीडी४ प्रकारच्या लिम्फोसाइट, म्हणजे आणखी एका जातीच्या पांढऱ्या पेशी, नसलेल्या उंदरांत ही वाढ मंदावते, हेही पुढे दिसले.

मग या पेशींना औषधाने चेतवावे, असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे, आणि संशोधकांनाही तसेच वाटले होते. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जीएम-सीएसएफ हे पांढऱ्या पेशी वाढवणारे औषध २१ रुग्णांच्या चाचणीत वापरले गेले. २००१ च्या त्या अहवालात पर्यायी प्रवाह सुधारल्याचे दिसले. मात्र २००५ च्या पुढील चाचणीत औषध मिळालेल्या ७ रुग्णांपैकी दोघांना हृदयधमनीचा तीव्र विकार उद्भवला. मॅक्रोफेज ज्या गुणांनी नवी वाट रुंद करतात, त्याच गुणांनी धमनीतील कोलेस्टेरॉलचा थर वाढवतात आणि तो फुटण्याजोगा करतात. बाजारात प्रतिकारशक्तीच्या नावाने मिळणाऱ्या गोळ्या व काढे या वाहिन्या वाढवतात, याला तर कोणताही भक्कम आधार नाही.

पेशींना बोलावणारा खरा निरोप वाढत्या प्रवाहाचा असतो आणि तो व्यायामाने पोहोचतो. जर्मनीतील लाइपझिग येथील, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६० रुग्णांच्या अभ्यासात चार आठवड्यांच्या देखरेखीखालील व्यायामानंतर पर्यायी प्रवाहाचा निर्देशांक सुमारे ४० टक्के वाढला. म्हणून वडिलांना व्यायाम जरूर करू द्यावा. परंतु विश्रांतीच्या वेळी पुरेशी पडणारी ही वाट श्रमाच्या वेळी अपुरी पडू शकते, तेव्हा व्यायामाची मर्यादा हृदयरोगतज्ज्ञांकडून तपासणीनंतर ठरवून घ्यावी. कोलेस्टेरॉलची व रक्त पातळ ठेवणारी औषधे स्वतःहून थांबवू नयेत. चालताना छातीत दाटणे किंवा धाप लागणे पूर्वीपेक्षा लवकर होऊ लागले, तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे; बसल्या जागी छातीत दुखू लागले आणि काही मिनिटांत थांबले नाही, तर त्यांना थेट रुग्णालयात न्यावे.